सुखाचा पाठपुरावा : दहिसर ते मुलुंड

"व्हिसाचं काम इथं होत नाही! पासपोर्ट पिशवीत ठेवा आणि खुर्च्यांवर बसा!"

मुलुंडच्या एका ग्रंथालयाच्या जिन्यात, वरून तिसऱ्या पायरीवर उभ्या राहून ग्रंथपाल शेट्येबाई ओरडत होत्या. आवाज असा, की खाली रस्त्यावर थांबलेल्या रिक्षावाल्याने घाबरून स्वतःचं लायसन काढून दाखवलं. जिन्यात आम्ही साठ-सत्तर माणसं. त्यातल्या निम्म्यांच्या काखेत प्लॅस्टिकच्या फायली. माझा मित्र दत्ताराम परब याच्या काखेत दोन, एक मूळ कागदांची आणि एक झेरॉक्सची.

शेट्येबाईंचा दोष नव्हता. त्यांच्या दर महिन्याच्या व्याख्यानाला बारा माणसं येतात, त्यातली दोन पंख्याखाली झोपायला. या वेळी विषय होता ‘अमेरिका आणि सुख : सुरुवातीच्या कल्पना’. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी तो देश नवा-नवा असताना तिथली माणसं सुख कशाला म्हणायची, यावर इतिहासाच्या प्राध्यापक बोलणार होत्या. पण मुलुंडमध्ये दर तिसऱ्या घरातलं एक पोरगं अमेरिकेत. लोकांनी ‘सुरुवातीच्या’ हा शब्द वाचला आणि नव्याने तिकडे जाणाऱ्यांना काहीतरी मार्गदर्शन आहे असं धरून आले. आम्हीही तेच धरून आलो होतो, आणि आम्ही तर थेट दहिसरहून.

तर पहिल्यापासून सांगतो. दहिसरचा माणूस मुलुंडला सहसा जात नाही, आणि गेलेला लिहून ठेवत नाही.

दहिसर

दत्ताराम आणि मी नदीकाठच्या एकाच चाळीत चाळीस वर्षं राहतो. तो कणकवलीकडचा, मी साताऱ्याचा. तो मला घाटी म्हणतो, मी त्याला मासेखाऊ म्हणतो, आणि दोघांनाही त्यात काही वाटत नाही. नोकरीभर तो एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर होता. आलेल्या पत्राला नंबर घालायचा आणि पुढे ढकलायचं. त्या टेबलाने त्याला दोन वाक्यं दिली, ती निवृत्तीनंतरही त्याच्याकडेच राहिली. आपण काही मागितलं की ‘पाठपुरावा चालू आहे’, आणि आपण काही सांगितलं की ‘नोंद घेतली’. मुलगा महेश दहावीला शाळेत पहिला आला, पेढे घेऊन धावत घरी आला, तेव्हा हा म्हणाला, ‘नोंद घेतली’. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर वहिनींकडे बघूनही हा तेच म्हणाला, असं मी सगळ्यांना सांगतो. खोटं वाटत असेल तर अंतरपाट धरणाऱ्याला विचारा. एक टोक माझ्याच हातात होतं.

वहिनी तीन वर्षांपूर्वी गेल्या. महेश न्यू जर्सीत. त्याचं म्हणणं, बाबा आता एकटे नकोत, कायमचे इकडे या. तिकडचे कागद भरायचे होते, वकील घाई करत होता. शेवटी महेशने सांगून टाकलं, "रविवारी संध्याकाळी फोन करतो. हो किंवा नाही, एकच शब्द सांगा."

आता दत्ताराम म्हणजे आमच्या चाळ कमिटीचा सेक्रेटरी. एका शब्दात उत्तर त्याने आयुष्यात दिलेलं नाही. आठवडाभर तो कठड्यावर बसून नदीकडे बघत होता. आमच्या नदीकडे इतका वेळ बघण्यासारखं काही नाही, त्यामुळे मामला गंभीर आहे हे माझ्या लक्षात आलं.

माझं काय, तेही इथेच सांगून टाकतो. महेशने मला वेगळा फोन केला होता. म्हणाला, काका, तुम्ही त्यांना तयार करा. मी म्हटलं, तू काळजीच करू नको, तयार झालाच समज. मग दत्ताराम विचारायला आला, तर त्याला म्हटलं, बघ बाबा, तिकडे थंडी अशी असते म्हणतात की शिंक हवेतच गोठते आणि पायावर पडून नख फुटतं. असा मी दोन्हीकडून बोलत होतो. चाळीस वर्षं संध्याकाळी ज्याच्याबरोबर भांडलो, तो गेला तर मी भांडू कुणाशी, हा माझा साधा हिशोब.

शनिवारी पेपरातल्या कार्यक्रमांच्या सदरात दत्तारामला ती जाहिरात दिसली. रविवारी, दुपारी चार वाजता, प्रवेश खुला. बोट ठेवून मला म्हणाला, "वश्या, हे बघ. सुरुवातीच्या कल्पना. आपल्यासारख्यांसाठीच आसा. मी ऐकतंय आणि ठरवतंय."

दिंडोशी

दहिसर आणि मुलुंड यांच्या मध्ये नॅशनल पार्कचं जंगल आहे. आमच्याकडचा बिबट्या सकाळी दहिसरला कुत्रं खाऊन दुपारी मुलुंडला वामकुक्षीला जातो, त्याला बस बदलावी लागत नाही. माणसाला मात्र जंगलाला वळसा घालावा लागतो. आम्ही हायवेने दिंडोशीपर्यंत एक बस पकडली, तिथून दुसरी.

दिंडोशीला एक घोळ झाला. उतरलो तर समोर पंचवीसेक माणसांची सरळ, शिस्तीची रांग. नोकरीमुळे दत्तारामला रांग दिसली की पाय आपोआप वळतात. तो मागे उभा राहिला, म्हणून मीही. दहा मिनिटं झाली तरी बस नाही. पुढच्या बाईंना विचारलं, तर ती आधार कार्डातला पत्ता बदलण्याच्या शिबिराची रांग निघाली. मी बाहेर पडलो. दत्ताराम निघायला तयार नाही. म्हणाला, नंबर लागत आलाय, कशाला सोडायचा. मी म्हटलं, पत्ता बदलून काय टाकणार, न्यू जर्सी? त्यावर तो मान खाली घालून रांगेतून निघाला. मला लगेच वाटलं, हे बोलायला नको होतं.

वातावरण हलकं करायला मी त्याला वरची टेकडी दाखवली. तिथल्या स्टुडिओंत मी पस्तीस वर्षं सुतारकाम केलं, सिनेमाचे सेट उभे केले. अमेरिका मी दोनदा बांधलेली आहे. एकदा त्यांच्या अध्यक्षांचं पांढरं घर बांधलं, फक्त पुढची भिंत, आणि मागच्या बाजूला आमचा चहाचा स्टोव्ह. एकदा न्यूयॉर्कचा आख्खा रस्ता उभा केला, तर रात्रीत तबेल्याच्या म्हशी येऊन टॅक्सीला अंग घासून गेल्या आणि सकाळी न्यूयॉर्क चार अंशांनी कललेलं. दत्तारामला म्हटलं, अमेरिका मला आतून-बाहेरून माहीत आहे, आत काही नसतं. तो हसला नाही. फाईल छातीशी धरून म्हणाला, "तुझी प्लायवूडची होती रे."

पवईचा तलाव, कांजूर, भांडुप हे सगळं खिडकीतून गेलं. त्यात सांगण्यासारखं एवढंच, की पवईच्या चढावर आमच्या ड्रायव्हरने पुढच्या ट्रकवाल्याला शिव्या घातल्या, त्या तीन भाषांत होत्या आणि व्याकरण तिन्हींचं अचूक होतं.

मुलुंड

मुलुंड हा स्वच्छ आणि सावलीचा मुलूख आहे. झाडं मोठी, फुटपाथ चालण्याजोगे आणि माणसं हळू बोलणारी. आमच्या दहिसरला दोन माणसं वेळ विचारत असली तरी लांबून मारामारी वाटते. इथे दोन मोटारी एकमेकींना घासल्या आणि दोन्ही मालक खाली उतरून एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत होते, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

दीड तास हाताशी होता, म्हणून फरसाणाच्या एका दुकानात शिरलो. फाफडा मागवला. त्याबरोबर पपईचा कीस, तळलेल्या मिरच्या आणि वाटीत पिवळी पातळ कढी आली. आमच्याकडे वडापावला सुकी लाल लसणीची चटणी लागते, ती नाकातून वाफ काढते. इथली कढी आपल्याला आधी बसायला सांगते, मग पाणी विचारते. मी दोन बश्या उडवल्या. दत्तारामने एका फाफड्याचे चौदा तुकडे केले आणि सहा खाल्ले.

दुकानाचे मालक वयस्कर कच्छी गृहस्थ होते. गल्ल्यावरून त्यांनी फायली पाहिल्या आणि मराठीतच विचारलं, मुलगा की मुलगी? दत्ताराम म्हणाला, मुलगा. ते म्हणाले, माझे दोन्ही. ते स्वतः गेल्या वर्षी तिकडे सहा महिने राहून आले होते. दत्तारामने पुढे सरकून विचारलं, कसं आहे तिकडे? त्यांनी गल्ल्यातली नाणी सारखी केली. मग म्हणाले, घर फार छान आहे. सून चांगली आहे. नातू चांगला आहे. एवढं बोलून त्यांनी आम्हाला न विचारता आणखी कढी वाढली.

दत्तारामने खिशातून डायरी काढून ही नोंद खरोखरच घेतली.

व्याख्यान

मग तो जिना, त्या शेट्येबाई आणि तो आरडाओरडा. व्हिसाचं काही नाही हे कळल्यावर फायलीवाले बरेच जण परत गेले. मला वाटलं आपणही जावं. पण दत्ताराम म्हणाला, आलोय तर बसू, आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला. हाही त्याच्या नोकरीचाच गुण. चुकीच्या टेबलावर आलेला कागदसुद्धा तो वाचल्याशिवाय परत पाठवत नसे.

बोलणाऱ्या प्राध्यापक सरोदे पंचेचाळिशीच्या, मूळच्या मराठवाड्याकडच्या, आवाज ठाम. त्यांनी नमस्कार केला आणि सांगितलं, की अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा तिच्या जाहीरनाम्यात माणसाचे तीन हक्क लिहिले गेले. जगण्याचा, स्वातंत्र्याचा, आणि तिसरा सुखाचा काहीतरी. ते ‘काहीतरी’ म्हणजे इंग्रजीतला ‘पर्स्यूट’. त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘सुखाचा’, पुढे एक लांब रेघ ओढली आणि आम्हालाच विचारलं, इथे मराठीत कोणता शब्द घालाल?

मागून कुणीतरी म्हणालं, शोध. एक तरुण मुलगी म्हणाली, पाठलाग. बाई म्हणाल्या, पुस्तकांत बहुतेक हेच दोन सापडतात. पाठलाग म्हटलं की सुख पुढे पळतंय आणि माणूस मागे. आणखी काही सुचतं?

माझ्या शेजारून, आवक-जावकच्या टेबलावरून यावा तसा, कोरडा आवाज आला. "पाठपुरावा."

सभागृहात हशा पिकला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पण सरोदेबाई हसल्या नाहीत. त्यांनी दत्तारामकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं आणि रेघेवर तो शब्द लिहिला. मग विचारलं, "तुमच्या ऑफिसात पाठपुरावा म्हणजे नेमकं काय करायचे?"

दत्ताराम उभा राहिला. शर्ट खाली ओढला. म्हणाला, "मॅडम, आधी पत्र पाठवायचं. उत्तर येत नाही. मग स्मरणपत्र. तरी येत नाही. मग दुसरं स्मरणपत्र. मग स्वतः जायचं आणि टेबलाशी उभं राहायचं. परत पुढच्या सोमवारी जायचं."

"आणि काम होतं?"

"होतंच असं नाही. पण फाईल जिवंत राहते."

आता कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, की त्या काळी इंग्रजीतल्या त्या शब्दाला नुसतं मागे धावणं एवढाच अर्थ नव्हता. माणूस रोज जे नेमाने करतो, ज्यात राबतो, त्यालाही तोच शब्द होता. त्यामुळे पाठलागापेक्षा पाठपुरावा जवळचा असावा, असं त्यांना आता वाटतंय, आणि हे त्यांना आज मुलुंडला कळलं. दत्ताराम खाली बसला. बसताना तो उभा होता त्यापेक्षा दोन बोटं उंच दिसत होता.

पुढचं व्याख्यान मी लक्ष देऊन ऐकलं, हे माझ्या बाबतीत नवीन आहे. बाईंनी सांगितलं, की त्या काळच्या अमेरिकेतल्या काही माणसांच्या लेखी सुख म्हणजे चैन नव्हे. त्यांनी ‘सार्वजनिक सुख’ असा शब्द वापरला. मला सार्वजनिक म्हटलं की गणपती आठवतो नाहीतर मुतारी, पण यांचं वेगळं होतं. गावाच्या सभेला जायचं, रस्त्यावरून, करावरून हमरीतुमरी करायची, हात वर करायचा, आपल्या बोलण्याने काहीतरी इकडचं तिकडे झालेलं बघायचं. ही कटकट नव्हे, हेच सुख, असं ती माणसं मानत. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. आमचे चाळ कमिटीचे सेक्रेटरी श्वास घ्यायचे थांबले होते.

मग बाई तितक्याच सरळ आवाजात म्हणाल्या, की हे लिहिणाऱ्यांतल्या कित्येकांच्या शेतावर गुलाम राबत होते आणि त्या सुखात ते धरलेले नव्हते. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत सुख हा शब्दच नाही, नागरिकांना जे मिळवून द्यायचं त्यात पहिला येतो तो न्याय. "माझ्या आजीला कुणी विचारलं असतं," त्या म्हणाल्या, "तर तिने सुखाचा हक्क मागितला नसता. विहिरीचा मागितला असता." एवढं बोलून त्या पाणी प्यायल्या.

प्रश्नांची वेळ आली. मला भीती होती तेच झालं. दत्ताराम दोन्ही फायली घेऊन उभा राहिला.

"मॅडम, मुलगा अमेरिकेत बोलावतो. कायमचा. मी चाळीचा सेक्रेटरी आहे. आज संध्याकाळी उत्तर द्यायचं आहे. मी जाऊ की नको?"

शेट्येबाई पुढे झाल्या, बहुधा पुन्हा पासपोर्टाचं सांगायला. सरोदेबाईंनी त्यांना हाताने थांबवलं. म्हणाल्या, "काका, मी इतिहास शिकवते. हे मी कसं सांगू? फक्त विचारते, तुमच्या चाळीच्या मीटिंगला तुम्ही नसलात तर काय होतं?"

दत्तारामने प्रामाणिकपणे विचार केला.

"लवकर संपते," तो म्हणाला.

सभागृह पुन्हा हसलं, या वेळी प्रेमाने, टाळ्याही पडल्या. पण मी त्याच्या शेजारी होतो. तो बसला तेव्हा ती दोन बोटं उंची गेलेली होती.

परत

परतीच्या बसमध्ये तो पवईपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. मी तीन गोष्टी सांगितल्या, त्यातली एक मगरीची होती आणि मी स्वतः तिच्या पाठीवर बसलेलो होतो, तरी त्याने मान वळवली नाही. तलाव मागे पडल्यावर म्हणाला, "खरंच लवकर संपते रे. माझ्या हर्नियाच्या वेळी वीस मिनिटांत आटोपलेली. मीटिंगच्या मिनिट्समध्ये वाचलंय मी."

या गड्याने जायचं ठरवलंय, हे मला तिथेच कळलं. म्हणून मी इतके दिवस दाबलेलं सगळं सांगून टाकलं. महेशला एक बोललो, तुला एक बोललो. शिंक गोठत नाही, ते मी बनवलेलं होतं. तू गेलास तर मुलाजवळ राहशील आणि ते बरंच आहे, पण मला ते नको आहे. एवढं सरळ मी आयुष्यात बोललेलो नव्हतो.

तो म्हणाला, "माका म्हायत होता. तुका गप्प बसायला येत नाय, मेल्या."

आणि थोड्या वेळाने, "त्या वीस मिनिटांच्या मीटिंगमध्ये काय ठरवलेलं, म्हायत आसा? पाण्याच्या टाकीला झाकण नको. खर्च वाचवला म्हणे. मी बरा होऊन इलंय, मगे तीन मीटिंगा भांडलंय, तेव्हा झाकण इला."

झाकण मला आठवत होतं. तिसऱ्या मीटिंगला सर्वांत जास्त विरोध माझाच होता.

दहिसरला उतरलो तेव्हा दिवे लागत होते. चाळीच्या फाटकाशी पोचतोय तोच फोन वाजला. महेश. दत्ताराम कठड्यावर बसला, फायली मांडीवर ठेवल्या. मी पाच पावलं लांब उभा राहिलो, म्हणजे सगळं ऐकू येईल इतकाच लांब.

"हां, महेश. मुलुंडला एका व्याख्यानाला गेलेलो. ऐकलं." मग बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिला. मधे एकदा चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाला, "नाही येत. थंडीचं काही नाही, ते वश्याचं खोटं. इथे चाळीच्या फायली आहेत. पण तू विचारायचं सोडू नको. दर रविवारी विचार. मी नाहीच म्हणेन, तरी विचार. पाठपुरावा ठेव."

पलीकडे काहीतरी बोलणं झालं, अगदी थोडं. दत्तारामने फोन बंद करून वरच्या खिशात घातला आणि खिशाचं बटण लावलं.

मी पाच पावलं जवळ आलो आणि विचारलं, काय म्हणाला पोरगा?

"‘नोंद घेतली’ म्हणाला."